रंगाखालचं बूच

पवळक्कोडी जीपखालून बाहेर आली तेव्हा तिचे हात कोपरापर्यंत काळे होते आणि तोंडात शिवी होती. ती तिने गिळली. समोर धाकटा दीर मुनियांडी उभा होता.

“काय झालं, अण्णी?” त्याने वहिनीला विचारलं.

“वरचं बूच निघत नाही.”

“आणि खालचं?”

“खालचं काढलं. तेल गेलं सगळं.”

मुनियांडी हसला. “आधी वरचं खोलायचं असतं. ते निघालं तरच खालच्याला हात लावायचा. आता नवं तेल कुठून ओतणार, खिडकीतून?”

मागच्या आसाच्या मधोमध एक लोखंडी गोळा असतो. त्याच्या पोटातल्या दात्यांना तेल लागतं. जुनं खालून सोडायचं, नवं वरून भरायचं. खालचं बूच नेहमी पाझरायचं, त्यामुळे ते लगेच निघालं. वरचंही तसंच निघेल असं पवळक्कोडीला वाटलं होतं. आता गोळा कोरडा होता. तशीच जीप चढावर घातली असती तर दात्यांचा भुगा झाला असता.

आणि आज खंडेनवमी होती. वेळ्ळिमलैच्या स्टँडवर या संध्याकाळी सगळ्या जीपा पूजेसाठी रांगेत लागतात. आपला नंबर राखायचा तर गाडी स्वतःच्या चाकांवर यावी लागते. ओढून आणलेली धरत नाहीत. जी येत नाही ती वर्षभर सगळ्यांच्या मागे जाते, आणि मागच्या गाडीला पावसाळ्यात खेप मिळत नाही. पवळक्कोडीच्या लगेच मागचा नंबर मुनियांडीचा होता.

नवरा सुडलैमुत्तु गेला तेव्हा ती जीप विकणार असं स्टँडने धरूनच ठेवलं होतं. तोवर तिने मळ्यात चहा खुडण्यापलीकडे काही केलं नव्हतं. तिने जीप विकली नाही. पहिलं वर्षभर म्हातारी सासू मागे दगड घेऊन बसायची. चढावर गाडी बंद पडली की म्हातारी उतरून चाकामागे दगड लावायची आणि लेकाच्या नावाने सुनेला शिव्या द्यायची. पवळक्कोडी शिकली. पुढे तीच सगळ्यांना शिव्या देऊ लागली. हिच्या जीपला हॉर्न लागत नाही, असं स्टँडवर म्हणत.

जीपखाली मात्र ती कधी शिरली नव्हती. ते काम मुनियांडीचं. गेली तीन वर्षं पूजेच्या आदल्या दिवशी ती तेलाचा नवा डबा आणून त्याच्या हातात द्यायची. संध्याकाळी तो जीप परत आणायचा. तेल बदललेलं, आणि खालचं सगळं लोखंड काळ्या रंगाने चकाकणारं. यंदा चढावर मागून रडल्यासारखा आवाज येऊ लागला. “पूजेला बघू,” तो म्हणत राहिला. काल तो आलाच नाही. म्हणून आज सकाळी ती स्वतः आडवी झाली.

“माझ्या गाडीने ओढतो स्टँडपर्यंत,” मुनियांडी म्हणाला. “नंबराचं बघू काहीतरी.”

ती पुन्हा खाली सरकली. पाना घसरून बुचाचे कोपरे झिजले होते. निदान पकड तरी बसावी म्हणून ती पात्याने रंग खरवडू लागली. काळ्याखाली काळा निघाला. त्याच्याखाली निळा निघाला, आणि तिचा हात थांबला. निळा रंग सुडलैचा. त्याला काळा आवडायचा नाही. बूच आणि गोळा यांच्यामधली फट त्या निळ्याने भरली होती. कुठे चीरही नव्हती.

“मुनी,” ती खालूनच म्हणाली. “दर वर्षी तू वरचंच आधी खोलतोस ना?”

“मग? सांगितलं ना.”

“मग तुझ्या भावाचा रंग अजून सलग कसा?”

त्याच्या चपला तेवढ्या दिसत होत्या. त्या जरा मागे सरकल्या.

“माझे डबे कुठे गेले?”

“अण्णी, ओरडू नका. माझ्या गाडीचं इंजिन तेल खात होतं. तुमचे डबे विकून त्याचं तेल घेतलं. गियरमधलं तेल काय दिसतं का कुणाला? तुमची गाडी चालत होती की.”

“रडत होती.”

“चालत तर होती.”

ती बाहेर आली. तिच्या हातात पाना होता. मुनियांडी आणखी मागे गेला. तिने पाना मारला नाही. बूच तापवून सैल करायला ती वेल्डरकडे चालत गेली. त्याच्या मशीनला कुंकू लागलं होतं. एकदा कुंकू लागलं की उद्या सकाळपर्यंत हत्याराला हात नाही.

“देवीला काय सांगू?” तो म्हणाला.

“सांग, पवळक्कोडी रागावली होती.”

तरी तो नाहीच म्हणाला.

काजा भाईचं मटणाचं दुकान पलीकडेच होतं. बोकडाची मुंडकी भाजायचा त्याचा ज्योत फेकणारा दिवा भिंतीला टेकून उभा होता. “आमच्या दिव्याला कुंकू नाही,” काजा भाई म्हणाला. “ने. पण मलाही ने. तू आज जीपच पेटवशील.”

त्याने तेल पुसून बुचाभोवतीचा गोळा तापवला. रंग फुगला, जळाला, वास सुटला. मग त्याने फटीवर मेणबत्ती टेकवली आणि मेण आत ओढलं गेलं. पवळक्कोडीने पाइपपाना लावला, त्याच्या दांड्यावर नळीचा तुकडा चढवला आणि दोन्ही पाय चाकाला टेकवून ओढलं. काही हललं नाही. तिने तीन डब्यांची आठवण काढून पुन्हा ओढलं. कड्‌कन आवाज झाला. काहीतरी मोडलं असं तिला वाटलं. बूच फिरलं होतं.

गोळा गार झाल्यावर खालचं बूच बसवून तिने नवं तेल ओतलं. ते वरच्या काठाला लागेपर्यंत ओतत राहिली.

रांग लागत आली होती तेव्हा ती पोचली आणि आपल्या जागेवर शिरली. पुढे सरकलेल्या मुनियांडीला गाडी मागे घ्यावी लागली. स्टँडचा म्हातारा पुढारी करुप्पय्या चंदनाची वाटी घेऊन एकेका गाडीशी थांबत होता आणि नेहमीचा प्रश्न विचारत होता.

“पवळम, तेल बदललं का?”

दर वर्षी याचं उत्तर मुनियांडी द्यायचा. सवयीने तो पुढे आलाही.

“बदललं,” पवळक्कोडी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. “सुडलै गेल्यावर पहिल्यांदा.”

करुप्पय्याने मुनियांडीकडे पाहिलं. रांगेतले सगळेच पाहू लागले. मुनियांडी खाली बघत तिच्या चाकांपुढे लिंबं ठेवायला वाकला. तेही दर वर्षी तोच करायचा.

तिने त्याच्या हातातून लिंबं काढून घेतली आणि स्वतः एकेका चाकाखाली ठेवली. मग आत बसली आणि गियर टाकला.

“सरक,” ती म्हणाली.