मामांच्या दुकानातले तीन फोन

फोनवर बोलण्यापेक्षा फोनलाच जास्त जीव लावणारा माणूस उभ्या मराठवाड्यात एकच, आणि तो माझ्या बायकोचा सख्खा मामा आहे. उमरग्यात हायवेला त्यांचं पाण्याच्या मोटारींचं दुकान. वर घर, मागं गोदाम. एवढ्याशा कारभाराला फोनच्या तीन तऱ्हा: जुना इंटरकॉम, कंपनीची साधी लाईन आणि इंटरनेटवर चालणारी नवी यंत्रणा. कोणता फोन किती घंट्यांत लागला, खरखर कुणाची, मध्येच कोण तुटला, हे सगळं मामा वहीत लिहून ठेवत. गोदामात जाऊन ते स्वतःच काउंटरला फोन लावत आणि उचलायला धावत येत. नव्या फोनवर "विक्रीसाठी एक दाबा, दुरुस्तीसाठी दोन, तक्रारीसाठी तीन" अशी सोय होती. काहीही दाबा, आधी गाणं वाजणार आणि मग उचलणार मामाच. एकदा एक शेतकरी वैतागून दुकानातच आला. "मामा, मोटार जळलीय माजी, अन् तुमी गानं काय ऐकिवताव?" मामा खूश! "पर गानं साफ ऐकू आलं न्हवं?"

इंटरकॉमची एक तार त्यांनी गल्लीपलीकडच्या डॉक्टरांकडंही नेली होती. मामी म्हणायच्या, "माज्यापरीस त्या डब्ब्यास्नीच जपत्यात."

मागच्या उन्हाळ्यात एका दुपारी रस्ता खोदणाऱ्यांनी केबल तोडली. साधी लाईन मेली, इंटरनेट गेलं, त्यात वीज नाही आणि मोबाईलला रेंजही नाही. चालू होता तो बॅटरीवरचा जुना इंटरकॉम. तो वाजला. वरून मामी होत्या. "अवो, छातीत लई दुखतंय." मामांनी तिथूनच डॉक्टरांचं बटण दाबून त्यांना बोलावलं आणि ते जिना चढले. डॉक्टर पाच मिनिटांत आले, गोळी दिली, आपल्याच गाडीतून मामींना सोलापूरला घेऊन गेले. मामी वाचल्या.

दवाखान्यात मी मामांना हसवायला म्हणालो, "वहीत लिहा मामा, जुना फोन पास!"

 मामा म्हणाले, "त्यो पास झाला, जावईबापू. पर ती वरनं फोन करायची तवा म्या किती येळा 'गिऱ्हाईक हाय, ठिव' म्हनलं, ते कुटं लिवलंय?"

वही त्यानंतर कुणी पाहिली नाही. मामी आता बऱ्या आहेत. मामांना मात्र अलीकडं ऐकू कमी येतं. कानाला यंत्र लावा म्हटलं तर ऐकत नाहीत. दर रविवारी ते आमच्याकडं फोन करतात, मनसोक्त बोलतात आणि शेवटी ओरडून विचारतात, "आवाज बरोबर येतोय न्हवं?" आम्ही दोघं एकदम "व्हय मामा!" म्हणून ओरडतो.  मग पलीकडून मामांच्या कानाशी बोलणाऱ्या मामींचा आवाज येतो, "येतोय म्हनत्यात, अवो." तेव्हा कुठं मामा समाधानानं फोन ठेवतात.