दादानं सुई घेतली नाही

दोन हजार तेवीस साल होतं अन् मी बाहत्तर वर्षांचा. त्या सालची ही गोष्ट मी कोणालेच सांगितली नाही — बायकोलेही नाही. शाळा चौथीत सुटली. लिहिणं वाकडं हाय, पण माझं हाय.

सोपान माझा धाकटा भाऊ. दर्यापूरजवळ आमची दोघांची फुलशेती, मधात एक धुरा, म्हणजे बांध. तेच पाणी, तीच काळी माती — पण अमरावतीच्या फूलबाजारात दलाल माझ्या टोपल्यावर हात ठेवून विचारे, सोपानभाऊचा झेंडू नाही आला काय? वर्षानुवर्षं हे ऐकून माणूस कसा होते, सांगू तुमाले? त्याचा दमाही मले टोचे. हसू नका. तो खोकलला की माझी बायको काढा घेऊन धावे. मले कोण विचारे? मी तब्येतीचा पक्का ना. साखर निघाली होती मले, पण ते मी दाबून ठेवलं. सोपानपाशी नसलेली एकच चीज माझ्यापाशी होती — धडधाकट अंग.

पावसाळ्याआधी नर्सबाई यादी घेऊन आली. दमेवाले, साखरवाले, म्हातारे — यांच्यासाठी फ्लूची सुई. साधा ताप अशांच्या छातीत उतरते म्हणे. सोपानचं नाव पहिलं. तिथंही पहिलं. मग माझ्याकडे पाहून बाई म्हणे, बाबा, तुमीबी या, वय झालं. वय झालं — साऱ्या अंगणासमोर. मी म्हटलं, बैलाले टोचा. सगळे हसले. मले बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी फुलं घेऊन अमरावतीले गेलो, अन् माझ्या साखरेच्या डॉक्टरकडून तीच सुई गुपचूप टोचून घेऊन आलो. भ्यालो होतो ना मी.

संध्याकाळी सोपान ओट्यावर वाट पाहत बसलेला. बाप गेल्यापासून तो मले विचारल्याशिवाय बियाणंही घेत नाही.

“दादा, तुमी घेऊन राहिले काय सुई?”

काय अवघड होतं? बाही वर करायची होती. दंड ठणकत होता माझा — अन् मी काय बोललो?

“मले काय धाड भरली? कमजोर माणसाची कामं हायत ते.”

“मंग मीबी नाही घेत,” तो म्हणाला. सकाळी त्यानं नर्सबाईले परत पाठवलं.

तो असंच म्हणेल, हे मले माहीत होतं. बोलायच्या आधीच माहीत होतं. एवढी एक ओळ लिहायले मले इतके दिवस लागले.

श्रावणात घरोघरी ताप आला. माझं दोन दिवस नाक गळलं. सोपानले त्याच्या पोरानं अकोल्याले नेलं — नऊ दिवस तोंडावर ऑक्सिजन. तिथल्या डॉक्टरनं विचारलं, सुई घेतली नव्हती काय? घेतली असती तर बहुतेक इतकं वाढलं नसतं म्हणे. जगला तो. पण आता धुऱ्यापर्यंत चालला की खाली बसते.

अन् खाटेवरून येणाऱ्या-जाणाऱ्याले काय सांगे? आमचे दादा पहा, सुई न घेता कसे खडे हायत. मी बाजूले बसून ऐकत होतो — अन् मले आवडत होतं. भावाचा दम अर्धा झाला, अन् मले आवडत होतं. याले काय नाव देता तुमी?

पुढच्या साली नवीन नर्सबाई आली. त्याची सून विनवण्या करून थकली, पण सोपानचं एकच — दादा घेतील तर घेतो. सारं सांगून टाकायची वेळ हीच होती. सगळे समोर होते. मी म्हटलं, उद्या पाहू.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याले ऑटोत घालून उपकेंद्रात नेलं. आधी मी बाही वर केली. बाईनं विचारलं, याच्याआधी कधी घेतली होती काय? सोपान बाजूलेच होता. मी म्हटलं, नाही, पहिलीच. तवा त्यानं माझा दुसरा हात धरला.

“भेऊ नका, दादा.”

मी तो धरू दिला.