काकूच्या खिडकीची बाजू

माझे काका नगरपालिकेत रंगारी होते. पदाचं नाव 'देखभाल सहायक' असं भारदस्त होतं, पण देखभाल म्हणजे एक ब्रश आणि सहायक म्हणजे दुसरा ब्रश. नदीवरचा लोखंडी पूल रंगवणं हे त्यांचं मुख्य काम. त्या टोकाला पोचेपर्यंत या टोकाचा रंग उडालेला असायचा, त्यामुळे आता काय करू हा प्रश्न त्यांना अख्ख्या नोकरीत पडला नाही.

पूल आतून पोखरलेला होता. काकांना ते पक्कं ठाऊक होतं, वरच्या साहेबांनाही होतं. पण नव्या पुलाला पैसे नव्हते आणि रंगाला होते. त्यामुळे गंजून भोक पडलं की काका त्यात पुट्टी भरायचे आणि वरून हिरवा रंग मारायचे. नगरपालिकेचा एकूण कारभारच याच पद्धतीने चालायचा, काका निदान ब्रश तरी स्वच्छ धुवायचे.

मग काकूच्या किडन्या गेल्या. हॉस्पिटल नदीपलीकडे, म्हणजे डायलिसिससाठी आठवड्यातून तीनदा बसने पूल ओलांडणं आलं. पहिल्याच आठवड्यात काकूने खिडकीतून गंज पाहिला आणि घरी येऊन जाहीर केलं, की मरायचंच असेल तर घरात फुकट मरता येतं, त्याला बसचं तिकीट कशाला? पुढची खेप तिने खरंच चुकवली. पाय सुजले, धाप लागली. काकांनी तिच्याशी वाद घातला नाही. बसमध्ये ती ज्या बाजूला बसायची, ती पुलाची बाजू त्यांनी अशी काही चकचकीत केली, की नव्या कपाटाने लाजावं. काकू मुकाट्याने जाऊ लागली. तेव्हापासून त्या बाजूवर कधी ओरखडा राहिला नाही.

अशात राजधानीत संसदेने एक जंगी कायदा केला. देशभरातले रस्ते, पूल, रेल्वे, सगळ्यांना केंद्राचा पैसा. मेख एवढीच, की तपासणीत पूल 'धोकादायक' ठरला तर निधी मिळणार आणि 'समाधानकारक' ठरला तर नुसती शाबासकी. शाबासकीवरून बस नेता येत नाही हे नगराध्यक्षबाईंनासुद्धा कळत होतं. त्यांनी काकांना बोलावून बजावलं, की तपासणी होईपर्यंत ब्रशला हात लावायचा नाही, पूल मनसोक्त गंजू द्यायचा. काम न करता पगार घ्यायची काकांची ही पहिलीच वेळ. बाकीचा स्टाफ त्यात मुरलेला होता, काकांचे मात्र हाल झाले.

पावसाळ्याने रंगाचे पोपडे काढले. एका संध्याकाळी काकूने सहज विचारलं, यंदा रंग नाही का? दुसऱ्या दिवशी पुट्टीचा डबा घेऊन काका पुलावर हजर. एकच बाजू रंगवतो, कोणाला कळतंय, असं त्यांनी स्वतःला समजावलं. हिरवा रंग मैलावरून दिसतो हे रंगाऱ्यालाच कळू नये, याला काय म्हणावं!

केंद्राचे इंजिनिअर आले ते नेमके त्याच बाजूने. ऊन तापलेलं, पुढे आणखी दोन पूल तपासायचे होते. कठड्यावरून हात फिरवून ते म्हणाले, "छान ठेवलाय. समाधानकारक." नगराध्यक्षबाईंचा चेहरा पडला. तपासणीसाठी अडवलेल्या बसमधून उतरलेल्या लोकांत काकूही उभी होती.

काकांनी तिच्याकडे पाहिलं. खरं सांगितलं तर ती या पुलावर परत पाय ठेवणार नाही, आणि नाही सांगितलं तर एक दिवस बस तिच्यासकट खाली जाईल. त्यांनी खिशातून डबे उघडायचा स्क्रू-ड्रायव्हर काढला आणि हिरव्या खांबात खुपसला. तो मुठीपर्यंत आत गेला.

"पुट्टी आहे, साहेब."

"किती ठिकाणी?"

"हिच्या खिडकीतून दिसतं तेवढं सगळं."

काकू पुढे आली आणि काकांच्या हातातला स्क्रू-ड्रायव्हर काढून घेत म्हणाली, "मला माहीत होतं हो. पण तुम्ही इतकं मन लावून रंगवायचात, मग घरी बसून राहणं बरं दिसलं नसतं."

काकूची पिशवी धरून मी तिथेच होतो. मला रडू आलं, आणि ते आलेलं मला अजिबात आवडलं नाही.

पूल धोकादायक ठरला, निधी मंजूर झाला, आणि आपल्या दूरदृष्टीबद्दल बाईंनी लांबलचक भाषण ठोकलं. बस त्याच दिवसापासून बंद झाली. पुलावर आता फक्त पायी जायला परवानगी, पलीकडच्या टोकाला दुसरी बस उभी. काका-काकू हातात हात घालून निघायचे, मी मागून पिशवी घेऊन. डॉक्टरांनी काकांना बाजूला घेऊन सांगितलं होतं, की फार तर दोन वर्षं धरून चाला. काकांनी ते मला सांगितलं होतं, काकूला नाही.

एकदा अर्ध्या पुलावर ती दम खायला थांबली आणि नवा पूल कधी होणार ते विचारलं.

"कायद्यात चार वर्षं म्हटलंय," काका म्हणाले. "म्हणजे सरकारी सहा."

काकूने पदराने घाम पुसला. काकांच्या चेहऱ्याकडे तिने जरा जास्तच वेळ पाहिलं.

"बरं, सहा तर सहा," ती म्हणाली. "चला."