माझं सर्टिफिकेट त्यांच्या तिजोरीत

“इंग्रजी बोलून दाखव की. तहसीलदार साहेब ऐकायलेत.”

माझ्या हातात पानाचं तबक होतं. देशमुख लोडाला टेकून बसलेले, शेजारी तहसीलदार. मी दारात उभी. डोक्यावरचा पदर घसरलेला, सावरायला हात रिकामा नाही. काय बोलू? तोंडाला आला तो रीडरातला गाईचा धडा म्हटला. गाईला चार पाय असतात, गाय दूध देते. सगळं इंग्रजीत. नंदीबैलानं मान हलवावी तसं.

तहसीलदार खूश झाले. म्हणाले, “वाह! खूब पाली है आपने.”

छान पाळलीय म्हणे. पाळलीय! मॅट्रिक झालेली बाई मी. देशमुख मिशीतल्या मिशीत हसले आणि मला म्हणाले, “जा आता, चहाचं बघ.” मी गेले. चहा केला. त्यांचा राग आहेच, पण मी गुमान जाऊन चहा केला याचा संताप जास्त आहे. आजही.

मी वाशिमकडची, शिंप्याची पोर. नवऱ्यानं टाकलेली. आईनं लोकांच्या चोळ्या शिवून शिवून मला मॅट्रिक केलं, त्यात तिचे डोळे गेले. आमचा इंग्रजी मुलूख, हा निजामाचा, मोगलाई. बोली दोन्हींकडं मराठीच, पण मधे करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा नाका. तिथल्या शिपायानं माझी ट्रंक उपसली, पुस्तकं उलटी धरून पाहिली. मी मनात हसले. हसू नये माणसानं.

गाव पूर्णा स्टेशनापासून बैलगाडीनं अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. नाव सांगत नाही. देशमुखांचा मुलगा हैदराबादेत वकिली शिकत होता, त्याला इंग्रजी बोलणारी बायको हवी होती. म्हणून सूनबाईला शिकवायला मला बोलावलं.

पहिल्याच दिवशी कारकुनानं कागद पुढं केला. सगळा उर्दूत. “सही करा बाई.” काय लिहिलंय, एवढं विचारायचं होतं. नाही विचारलं. इंग्रजी येणारी बाई, मला वाचता येत नाही असं कसं म्हणू? उलट वाचल्यासारखं करून ओळींवरून नजर फिरवली. तीही डावीकडून उजवीकडं! कारकुनाला तिथंच कळलं असणार. सही ठोकली.

मग देशमुख म्हणाले, “सनद आणली का? द्या इकडं. घरात वाळवी लय. तिजोरीत ऱ्हाईल.” सर्टिफिकेट मी माझ्या हातानं दिलं.

पुढं काय, हळूहळू. आधी म्हणाले, शिकवता शिकवता गहू निवडा. मग सूनबाईची वेणी घाला. मग पाहुण्यांचा चहा. ‘बाई’ची ‘ए मास्तरीण’ झाली, ‘तुमी’चं ‘तू’ झालं. आणि मग तो गाईचा धडा.

दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, मला जायचंय, सर्टिफिकेट द्या. देशमुख म्हणाले, “पाच साल जाता येत न्हाई. कागदात लिवलंय. सही तुझीच हाय ना?”

पाच साल! मला काही सुचेना. दिवसभर परसातून माजघरात, माजघरातून परसात. हात चुलीपाशी आणि डोक्यात तिजोरी. धड जेवण जाईना, धड एका जागी बसवेना.

सूनबाई सतरा वर्षांची. बाप हैदराबादेत नोकरीला, त्यामुळं उर्दूत वाढलेली. तिच्यापुढं एकदा सगळं ओकून टाकलं. ती हळूच म्हणाली, “उर्दू मी शिकवते तुमाला. त्यात काय एवढं!” मग दुपारी एकच पाटी. वर इंग्रजी, खाली उर्दू. पाऊल वाजलं की खालची अर्धी पुसायची. सहा महिन्यांत तिची इंग्रजी कच्ची राहिली, माझी उर्दू पक्की झाली. मास्तरीण म्हणून याची लाज वाटते. पण खोटं कशाला बोलू?

तहसीलदार पुन्हा आले. पुन्हा तबक, पुन्हा दार. “मास्तरीण, गाईचं म्हण गं.”

मी तबक खाली ठेवलं. “म्हणणार नाही. मी निघाले. माझं सर्टिफिकेट द्या.”

देशमुख मोठ्यानं हसले. कारकुनाकडून कागद मागवला आणि माझ्या पायाशी टाकला. “घे, तूच वाच. पाच साल लिवलंय का न्हाई!”

मी उचलला. वाचला. उजवीकडून, मोठ्यानं, अडखळत. या बाईला घरच्या खिदमतीला ठेवलं आहे, सांगितलं जाईल ते काम करील. बस, एवढंच. इंग्रजीचं नाव नाही, शिकवायचं नाव नाही. पण पाच सालंही नाहीत. एक दिवसाचंसुद्धा बंधन नाही! मी कागद तहसीलदारांपुढं धरला. “साहेब, पाच साल कुठं आहेत, तुम्हीच दाखवा.” त्यांनी पाहिलं. मग पान तोंडात टाकलं आणि बाहेर बघत बसले.

“कुनी शिकवलं तुला?” देशमुख ओरडले. दाराआड बांगड्या वाजल्या आणि थांबल्या.

“माझी मी शिकले.” तिचं नाव तेव्हा घेतलं नाही, आताही घेत नाही.

“सनद मिळायची न्हाई. जा तशीच. कोन ठेवतंय तुला, बघतो.”

आईचे डोळे होते हो त्या सर्टिफिकेटात. दुसरी प्रत मागवता येते हे मला कुणी सांगितलं नव्हतं. तरी तोंडातून निघालंच, “ठेवा तुमच्याकडंच. मी परत मॅट्रिकला बसते.”

ट्रंक डोक्यावर घेऊन पूर्णेपर्यंत चालत आले. वाटेत रडले, रागानं रडले. निम्म्या वयाच्या पोरींच्या बाकावर परत बसले. पास झाले. आणि नोकरीला मुद्दाम मोगलाईतच आले, परभणीला, मुलींच्या एका शाळेत.

तिथंही कारकुनानं उर्दू कागद सरकवला. आता मला घडाघडा वाचता येत होतं. तरी म्हटलं, “मोठ्यानं वाचा. प्रत्येक ओळ. समजलं नाही तर विचारीन.” त्यानं कपाळाला आठ्या घालून वाचला.

“सर्टिफिकेट जमा करा. साहेबांच्या कपाटात ऱ्हाईल.”

मी ते दोन्ही हातांनी त्याच्या डोळ्यांपुढं धरलं. “इथूनच बघा. नक्कल उतरून घ्या. हातातून सोडणार नाही.”

“मग नोकरी मिळनार न्हाई, बाई.”

“नको मिळू दे,” म्हटलं, आणि तशीच धरून उभी राहिले.