पऱ्हाटीचा चिमटा आणि माझं पत्रक

कापसाचा शेवटचा वेचा झाला की शेतात पऱ्हाटीचे वाळलेले खुंट उरतात. ते मुळासकट उपटायचे म्हणजे तळहात सोलून घ्यायचे. आमच्या रोहणा गावात त्या दिवसांत बायका भाकरी थापताना बोटं ताठ ठेवत, कारण मुठी मिटत नसत. माझी मामी हळद-तेलाचं फडकं बांधून कामाला जायची.

मामा एका कापड गिरणीत फिटर होते. गिरणी वरचेवर बंद पडू लागली तेव्हा ते गावी परतले आणि घराला लागून टिनाची पडवी काढून नांगर-वखर दुरुस्त करू लागले. मामीचे हात पाहून त्यांनी एक चिमटा केला. माणसाच्या छातीपर्यंत येणारा लाकडी दांडा, खाली लोखंडाची दोन पाती, पात्यांना आतून दात. खुंट पात्यांत धरायचा, दांडा दाबायचा, की मूळ सुळकन वर. सारी करामत दातांत होती. ते सरळ नव्हते, खाली झुकलेले होते, त्यामुळे जोर लावला तसा खुंट आणखी घट्ट धरला जाई. हा झुकाव साधायला मामांना तीन हंगाम लागले.

आणीबाणी उठून दोन-तीन वर्षं झाली होती. मी वर्ध्याला कॉलेजात होतो, बोरगाव मेघेला खोली घेऊन राहत होतो. मी अक्षर ओळखायला शिकलो तेच वडिलांच्या पेटीतल्या पत्रकांवरून. सभा, संप, सत्याग्रह, सगळ्याची पत्रकं त्या पेटीत होती. छापून वाटलेलं सत्य कुणी दाबू शकत नाही, यावर माझा विश्वास होता. अजूनही आहे, पण आता तो मला महागात पडलेला आहे.

त्या सुमारास मागास जिल्ह्यांसाठी एक सरकारी योजना आली. ज्यानं काही नवं यंत्र शोधलं त्याला वर्ध्याजवळ बांधलेली शेड, वीज आणि बीजभांडवल मिळणार होतं. अर्ज इंग्रजीत होता. तो मीच भरला. मामांना शेड मिळाली असती तर गावोगावी चिमटे गेले असते आणि त्यांना गिरणीच्या भोंग्याकडे पुन्हा कान लावावा लागला नसता. मामी तर शेडीत देव्हारा कुठं ठेवायचा ते ठरवून बसली होती.

अर्ज भरून झाला आणि मला वाटलं, एवढ्यावर कसं भागेल? मजुराच्या हातचं अवजार मजुराला कळायला हवं. मी मामांना विचारलं, "मापासकट छापू का?"

"छाप नं," मामा म्हणाले. "माप लपवणारा कारागीर गावात कोणाले तोंड दाखवन? मी माप कोणाले नाई म्हटलं काय आजवर?"

मी मेणकागदावर टोकदार सळईनं चित्र काढलं आणि सायक्लोस्टाइलच्या हातयंत्रावर पत्रकं काढली. तिरपे बारीक दात काढताना मेणकागद फाटत होता. दोन कागद वाया गेले. तिसऱ्यावर मी दात सरळ काढले आणि मोकळा झालो. खाली ठळक लिहिलं : हा चिमटा कुणा एकाचा नाही, कष्टकऱ्यांचा आहे. ज्याला हवा त्यानं करावा. आर्वीच्या बाजारात आणि वर्ध्याच्या कापूस बाजारात मी ती वाटली. एक प्रत, लोकांना वस्तू किती हवी आहे याचा पुरावा म्हणून, अर्जाला जोडली.

मुलाखतीला मामा धुतलेला सदरा घालून आले. चिमटा पोत्यात गुंडाळून मांडीवर धरला होता. मुलाखत घेणारे साहेब सभ्य होते. त्यांनी पत्रकातल्या त्या वाक्याखाली लाल रेघ ओढली होती.

"हे तुम्हीच काढलंत?"

"हो," मी अभिमानानं म्हणालो.

"मग यात आता नवं काय उरलं? छापून वाटलं म्हणजे ते सगळ्यांचं झालं. सगळ्यांच्या वस्तूसाठी एकट्याला शेड कशी देऊ?"

मी भाषण ठोकलं. मागास माणसासाठी काढलेल्या योजनेची पहिलीच अट अशी, की त्यानं पुढारलेल्यांसारखी आपली वस्तू लपवून ठेवावी! साहेबांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि पुढचं नाव पुकारलं. मामांनी पोतं सोडलंच नव्हतं. कुणी सोडा म्हटलंच नाही.

एसटीत मी धुसफुसत होतो. मामा खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "त्याच्यावर काऊन तापून राह्यला? तू लिहिलं तेच त्यानं वाचलं." मग म्हणाले, "मामीले मीच सांगतो. तू गप राहजो."

पुढल्या वर्षी शहरातल्या एका कारखानदाराला तीच शेड मिळाली, चिमट्यासाठीच. त्यानं खाली एक छोटं चाक लावलं होतं. चाकामुळे तो चिमटा नवा ठरला. बाकी माप माझ्या पत्रकातलं होतं, आणि दातही. सरळ. खुंट सटकायचा नाहीतर जमिनीलगत तुटायचा, मूळ आतच. हंगाम संपायच्या आत चिमटे परत येऊ लागले. पत्रक पाहून ज्यांनी गावच्या लोहाराकडून करून घेतले होते, त्यांचंही तेच झालं होतं, हे मला तेव्हा कळलं. मला कुणी शिव्या द्यायला आलं नाही. चिमटे नुसते गोठ्यात पडून राहिले.

कारखानदारानं दात नीट करायला माणूस शोधला तो मामाच. पडवीला कुलूप लावून मामा पहाटेच्या एसटीनं शेडीत जाऊ लागले. मामी शेतात जुनाच चिमटा वापरत होती. तिच्या हातांना आता फडकं लागत नव्हतं. माझ्याशी मात्र ती जेवतोस का, एवढंच बोलायची.

एकदा मी शेडीत गेलो. मामा शिकंज्यात पातं धरून कानशीनं दात तिरपे करत होते, एकेक. मी म्हणालो, "मामा, सोडा हे. तुमचीच वस्तू, आणि तुम्ही इथं रोजंदारीवर? मी याच्यावर पत्रक काढतो."

शेजारचा फिटर हसला. "भाचेबुवा, अजून हौस फिटली नाई काय?"

मामांनी पात्यावरचा कीस फुंकला, ते उजेडाकडे धरून झुकाव पाहिला.

"काढ नं," ते म्हणाले. "पण या खेपी चित्र पयले मले दाखवजो."

आणि त्यांनी पेटीतून सरळ दातांचं दुसरं पातं उचललं.