वडील हयात

मी सगळ्यांत जास्त ऋणी आहे तो आमच्या मिशन बोर्डिंगच्या मास्तरांचा. आमच्या घरात माझ्याआधी कुणी चौथीच्या पुढे गेलं नव्हतं. बोर्डिंगात फुकट जागा फक्त पोरक्या मुलांना मिळे, म्हणून आईने माझ्या फॉर्मवर ‘वडील मयत’ असं लिहवून घेतलं. काही महिन्यांनी वडील शेंगांची पुरचुंडी घेऊन मला भेटायला आले. मास्तरांनी त्यांना पाणी दिलं, बसवलं आणि मला ऑफिसात बोलावून रजिस्टर पुढे केलं.

“मयत खोड. हयात लिही. तुझ्या हाताने.”

मी रडत लिहिलं. आता ट्रंक उचलायची, एवढंच डोक्यात होतं.

“झालं? चल, भाकरी गार होतेय,” मास्तर म्हणाले. त्या दिवशी पंगतीत त्यांनी एका बाजूला मला बसवलं आणि दुसऱ्या बाजूला माझ्या बापाला. माझी जागा गेली नाही.

पुढे मी बी.एस्सी. झालो आणि १९७० सालाच्या सुमारास पिंपरीच्या एका कंपनीत इन्स्पेक्शनला लागलो. गेज लावायचं, माप चुकलं की जॉबवर लाल ठिपका द्यायचा. ते काम मला आवडे. आमची ख्रिस्ती मंडळी रविवारी उपासनेला एका शाळेच्या हॉलमध्ये भरे. तिथे पदवीधर मी एकटाच, म्हणून मंडळीचा कारभार बघणाऱ्या पंचांचा सेक्रेटरीही मीच.

मंडळीत जालन्याकडचा एक टर्नर होता. वयाने मोठा, तरी मला सर म्हणे. रविवारी सतरंज्या अंथरायला सगळ्यांच्या आधी हजर. त्याची मुलगी मॅट्रिकला चांगल्या मार्कांनी पास झाली आणि कॉलेजचा फॉर्म भरून घ्यायला तो माझ्याकडे आला. तिच्या शाळेच्या दाखल्यावर धर्म हिंदू लिहिलेला होता, पुढे बापजाद्यांची जात. ख्रिस्ती लिहिलं की मागासवर्गीयांची फीची सवलत जाते, हे आमच्यात सगळ्यांना ठाऊक होतं.

“हे काय?” मी विचारलं.

“कागद हाय, सर. कागदाचा कुठं बाप्तिस्मा झालाय?” तो हसला. मी हसलो नाही.

“तुम्ही प्रभूला नाकारलंत.”

त्याचं हसू गेलं. “पोरीला शिकवायचंय. तुमचं बोर्डिंगात झालं, सर. तिला कुठलं बोर्डिंग?”

मी फॉर्म तसाच परत दिला आणि गोष्ट पंचांपुढे नेली. पंचांतले एक म्हातारे मेकॅनिक म्हणाले, “एवढं ताणायलाच पाहिजे का राव? घरोघरी हेच हाय.” मी म्हणालो, सत्य ते सत्य. माझा स्वतःचा फॉर्म मला त्या वेळी आठवला होता. मी बोललो नाही. दाखला दुरुस्त करावा, मंडळीपुढे कबुली द्यावी, तोवर प्रभुभोजनाची भाकरी घेऊ नये, असा ठराव मी सुवाच्य अक्षरात लिहिला.

त्याने सगळं केलं. प्रभुभोजनाच्या रविवारी तो उभा राहिला आणि म्हणाला, “मी कागदावर प्रभूला नाकारलं.” बायकांच्या बाजूला त्याची मुलगी सतरंजीचा दोरा ओढत बसली होती. तो खाली बसला तेव्हा शेजारचे दोघे थोडे सरकलेले होते. ती जागा माझ्यापासून चार पावलांवर होती. मी ठरावांची वही धरून बसून राहिलो. भाकरीचं ताट त्याच्यापर्यंत आलं. आता त्याला घ्यायला मोकळीक होती. त्याने न घेता ते पुढे दिलं. त्यानंतर तो आला नाही.

सवलत गेली, कॉलेजही गेलं. वर्षभराने मुलगी बस स्टॉपवर दिसली, कंपनीच्या पॅकिंग खात्याच्या निळ्या कोटात.

“सलाम, काका.”

“शिक्षण?”

“नाही. आता कागद खरे आहेत ना.” ती रागावलेली नव्हती. बस आली, ती चढली.

काळेवाडीला त्यांच्या घरी मी दोनदा गेलो. दोन्ही वेळा त्याने मला खुर्ची दिली, स्वतः जमिनीवर बसला आणि म्हणाला, “तुमचं बरोबरच व्हतं, सर.” मग मास्तरांना हे पत्र टाकलं.

आदरणीय मास्तर, सलाम.

तुमची दृष्टी अधू झाली असं कळलं, म्हणजे हे पत्र दुसरं कुणी वाचून दाखवेल. दाखवू द्या. मी बोर्डिंगात खोटं लिहून आलो होतो, हे मी इथे कुणाला सांगितलेलं नाही. तुम्ही मला शब्द खोडायला लावला आणि शेजारी जेवायला बसवलं. मी एका माणसाला फक्त खोडायला लावलं. त्याच्या शेजारी जागा होती, मी उठलो नाही. त्यात त्याच्या मुलीचं शिक्षण गेलं आणि त्याची मंडळी गेली. प्रार्थनेला बसतो, पण शब्द येत नाहीत. मला क्षमा आहे, असं कृपा करून लिहू नका. ती तुमच्याकडे मागायची नाही. ज्याच्याकडे मागायची, तो दार उघडतो, चहा देतो आणि माझं बरोबर होतं म्हणतो.

तुमचा विद्यार्थी.