क्लोरीनकाकांच्या हातावरचे रखवालदार

क्लोरीनकाकांचं खरं नाव पोहण्याच्या तलावाच्या हजेरीपत्रकात होतं, पण ते वाचायचे कष्ट कुणी घेतले नव्हते. सव्वीस वर्षं माणूस तलावाचं पाणी राखत होता आणि दुपारी पोरांना पोहायला शिकवत होता. रोज सकाळी कागदाची पट्टी पाण्यात बुडवायची, तिचा रंग डबीवरच्या रंगांशी ताडून पाहायचा आणि पीएच सात पॉइंट चारवर आहे ना, याची खात्री करायची. वर चढला तर आम्ल घालायचं, खाली उतरला तर सोडा. यात जरा चूक झाली की पोरांचे डोळे चुरचुरतात. काकांच्या राज्यात सव्वीस वर्षांत कुणी डोळे चोळले नव्हते, असं काका सांगायचे, आणि पोरं मान डोलवायची.

आणि जंतू! जंतूंचं नुसतं नाव काढलं की काका पेटायचे. "एकही जिवंत सोडायचा नाही!" हाच कायदा घरीही लागू. दिवसातून वीस वेळा हात धुवायचे, तेही कपड्यांच्या पिवळ्या वडीने, वरून नखांचा ब्रश.

"अहो, हात आहेत की मोरीची फरशी?" बायको विचारायची.

"तुला नाही कळायचं," काका म्हणायचे.

मग हातांनाच कळलं. बोटांच्या बेचक्यांत खाज सुटली, कातडी लाल झाली, भेगा पडल्या, भेगांतून पाणी यायला लागलं. इसब! खाज म्हणजे जंतू, असा काकांचा साधा हिशोब. त्यांनी वडी दुप्पट चोळली. हात आणखी चिडले. काकांनी तिप्पट चोळली. आता अशा माणसाला काय म्हणावं?

शेवटी एका पोराच्या आईने काकांच्या हातांबद्दल तक्रार केली आणि तलावाच्या व्यवस्थापिकेने काकांना बोलावून घेतलं. बाई प्रेमळ, पण हुकूम तो हुकूम. "काका, हात बरे होईपर्यंत तुम्ही पंपाच्या खोलीत. पाण्यात उतरायचं नाही."

दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, बरं झालं, पंख्याखाली बसू. पण काकांना पंखा नको होता. त्यांची नात ठमी पाच वर्षांची झाली होती आणि सहा आठवड्यांनी तिचा पोहण्याचा पहिला वर्ग होता. ठमीची आई याच तळहातावर पालथी पडून पोहायला शिकली होती. ठमीलाही त्यांनी शब्द दिला होता. आता तिला शिकवणार कोण, तर तो नवा शिट्टीवाला, जो पोरांच्या हातात फोमची फळी देऊन स्वतः काठावर उभा राहतो. फळी! माझी नात फळीवर! 

मग गेले एकदाचे त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे. बाईंनी हात उलटसुलट पाहिले. "पहिली गोष्ट, हा कुणाला लागत नाही. दुसरी, हात कशाने धुता?"

काकांनी अभिमानाने सांगितलं. बाईंनी कपाळाला हात लावला.

"काका, कातडी तुमच्या तलावासारखी नसते. ती किंचित आंबट असते, पीएच पाचाच्या आसपास. त्या आंबटपणात तिची वीण घट्ट राहते आणि चांगले जंतू सुखाने नांदतात. ते तुमचे रखवालदार. एक उपटसुंभ जंतू टपलेलाच असतो, त्याला ते आंबट मानवत नाही. इसबाला कारणं पुष्कळ, तो घराण्यातूनही येतो. पण तुम्ही रखवालदार हाकलले, आंबटपणा धुऊन काढला आणि त्या चोराला दार सताड उघडून दिलंत."

"चांगले जंतू?" काकांनी असं विचारलं, जणू बाई चांगल्या दरोडेखोरांबद्दल बोलत होत्या.

घरी येऊन त्यांनी खिशातली पट्टी काढली आणि वडीच्या फेसात बुडवली. पट्टी डबीवरच्या शेवटच्या रंगाच्याही पुढे जाऊन जांभळी झाली. काकांनी डबी पुन्हा डोळ्यांजवळ धरून पाहिली. तलावात असा रंग आला असता तर त्यांनी शिट्टी मारून सगळ्यांना बाहेर काढलं असतं!

आता इथे शहाणा माणूस थांबतो. पण काका तलावाचे. पीएच वर चढला की आम्ल घालायचं, हे त्यांच्या हाडीमाशी मुरलेलं. गोदामातलं आम्ल हाताला लावण्याइतके ते खुळे नव्हते. स्वयंपाकघरात दोन लिंबं होती. ती कापली आणि भेगांवर चोळली.

बोंब अशी उठली की खालच्या मजल्यावरचा गवंडी थापी घेऊन धावत वर आला.

बायकोने त्यांचे हात नळाखाली धरले आणि फोन लावला. डॉक्टरीणबाई एवढ्या हसल्या की ते शेजाऱ्यांनाही ऐकू गेलं. मग म्हणाल्या, "काका, तलावाला तुम्ही लागता. कातडी आपलं आंबट आपण बनवते. तुम्ही फक्त मधेमधे करू नका."

मधेमधे न करणं! जन्मात जमलं नव्हतं ते. वडी बंद. कोमट पाण्याने साबणाशिवाय हात धुणं, ओल्या हातावर लगेच जाड मलम, मोजून दिलेले दिवस औषधाचं मलम, आणि तलावाच्या पाण्यात औषध टाकताना आत सुती अस्तर असलेले हातमोजे. बायकोने पिवळी वडी दडवली. काकांनी ती बुटांच्या खोक्यातून शोधून काढली. बायकोने वासावरून पकडलं.

"ठमीला फळीवर पाठवायचंय का?" एवढंच ती म्हणाली. वडी स्वतः काकांनीच कचऱ्यात टाकली.

सहाव्या आठवड्यात व्यवस्थापिकेने तळहात पाहिले आणि नुसतं तलावाकडे बोट दाखवलं.

ठमीने पाण्यात उतरण्याआधी काकांचा हात ओढून त्यावर बोट फिरवलं. "आबा, खरखर कुठे गेली?"

"रखवालदार कामावर परत आले," काका म्हणाले. ठमीला काही कळलं नाही. ती त्या हातावर पालथी पडली.

तीन दिवस काकांनी तिला असं धरलं, जसं कुणी काठोकाठ भरलेलं ताट धरतं. चौथ्या दिवशी ठमी ओरडली, "आबा, हात काढा! गुदगुल्या होतात."

"अगं, या हातासाठी मी सहा आठवडे..."

"मधेमधे करू नका ना! काढा!"

काकांनी काढला. ठमी बुडाली नाही. पाय आपटत, पाणी गिळत, ती चार हातांवरच्या भिंतीपर्यंत गेली आणि मागे वळूनसुद्धा न पाहता आईला हाका मारायला लागली. काका तळहात तसाच वर धरून पाण्यात उभे राहिले.

डोळ्यांत पाणी आलं ते क्लोरीनमुळे, असं ते आजही सांगतात. पण त्यांच्या सदऱ्याच्या खिशात बायकोला त्या सकाळची पट्टी सापडली होती. बरोब्बर सात पॉइंट चार.